विचारलं तेवढंच

दूर उत्तरेच्या समुद्रातल्या वेस्ट्रे बेटावर कुणाची गाय व्यायली तर ते गोठ्यातल्या माणसाच्या आधी थोरा फोबिस्टरला कळतं, अशी लोक थट्टा करायचे. थोरा टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. बेटावरचा प्रत्येक फोन तिच्या हातून जायचा. कोण कुणाशी किती वेळ बोलतं, कुणाचा मुलगा फक्त पैसे हवे असले की फोन करतो, हे तिला न ऐकताही माहीत असायचं. पण आत काय बोलणं झालं ते तिने कधी ऐकलं नाही. पोस्टमास्तरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जोडून दिलंस की कान बंद. बेट लहान आहे पोरी, इथे ऐकलेलं पचत नाही." थोराने हा नियम चर्चमधल्या आज्ञांपेक्षा जास्त निष्ठेने पाळला.

नवरा सिगर्ड समुद्रात पिंजरे टाकून शेवंडी धरायचा. मोठा सरळ माणूस, पण बोलायचा बेताचंच. लग्नाआधी सभागृहातल्या नाचाला तो तिला घेऊन जायचा, तेव्हा सगळा वेळ तीच बोलायची आणि तो तिचे पाय चुकवत नाचायचा. "तुझा नवरा मुका आहे का गं?" असं मैत्रिणींनी विचारलं की ती म्हणायची, "नाही, माझं बोलणं संपायची वाट बघतोय."

तिशी उलटली त्या हिवाळ्यात तिच्या डाव्या डोळ्यापुढे तेलकट काच धरल्यासारखं झालं. काही आठवड्यांत ते आपोआप निवळलं. मग बोटं बधिर झाली. बोर्डातल्या फोन जोडायच्या खुंट्या हातून निसटायच्या आणि लोक फोनवर चिडायचे. बेटावरच्या डॉक्टर पेट्रींनी तिला दक्षिणेतल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, पायांच्या तळव्यांवर किल्ली ओढून पाहिली, विद्यार्थ्यांचा घोळका पलंगाभोवती उभा करून तिला न कळणाऱ्या शब्दांत चर्चा केली, आणि "नसांना सूज आहे, विश्रांती घ्या" असं सांगून घरी पाठवलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ती कामावर असताना बोर्डावर लांबचा फोन आला. पलीकडे दक्षिणेतल्या इस्पितळातली एक बाई होती.

"फोबिस्टर यांच्या घरी जोडा. डॉक्टरांना बोलायचंय."

"मीच मिसेस फोबिस्टर. बोला ना."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती बाई म्हणाली, "नाही, डॉक्टरांना तुमच्या मिस्टरांशीच बोलायचंय."

थोराने खुंटी लावली. घरची घंटा वाजली, सिगर्डचा "हं" ऐकू आला, आणि तिने ऐकायची कळ सोडून दिली. बोर्डावरचा तो दिवा बराच वेळ जळत होता. कळीवर नुसतं बोट ठेवलं असतं तरी सगळं कानात पडलं असतं. तिने हात मांडीवर ठेवले आणि खिडकीतून धक्क्यावरची बोट पाहत बसली.

संध्याकाळी सिगर्ड अंगणात पिंजऱ्यांच्या जाळ्या सांधत होता.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"तेच की. नसांना सूज. जपायला सांगितलंय."

"मग ते मला सांगायला काय झालं होतं?"

"मोठी माणसं ती, त्यांची रीत," तो म्हणाला आणि खाली मान घालून गाठ मारत राहिला.

त्या दिवसापासून घरात काहीतरी बदललं. सिगर्ड तिच्या हातातली दुधाची बादली न बोलता काढून घ्यायचा, जड काही उचलू द्यायचा नाही. पण रात्री तिच्याकडे पाठ करून झोपायचा. थोराला मूल हवं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि पाळण्यात घालायला तिने माहेरहून लोकरीचं पांघरूणही आणून ठेवलं होतं. पुढे तर पहाटेची भरती गाठायचीय या सबबीवर तो मागच्या खोलीत झोपू लागला.

"मी नकोशी झालेय का तुला?" एकदा तिने सरळच विचारलं.

"तसं नाही."

"मग कसं?"

"भरती पहाटेची आहे, थोरा."

भरती काही रोज पहाटेची नसते. एवढं बेटावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

आजार यायचा, जायचा. कधी महिनोन् महिने काही नसे, आणि मग एखाद्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना पाय असे फेंगडायचे की भिंत धरावी लागे. "सकाळी सकाळीच लावलेली दिसते," असं कुणीतरी मागे पुटपुटलेलं तिने ऐकलं. बेटावर अशा गोष्टी वाऱ्यापेक्षा लवकर फिरतात, आणि वारा तर तिथे कधी थांबतच नाही. नववर्षाच्या रात्री घोटभर घ्यायची तेही तिने सोडलं. तर लोक म्हणाले, चोरून पिणाऱ्या चारचौघांत घेत नाहीत. सासू मायना दिवसभर टोचायची. "आमच्या वेळी बायका बाळंतपणातून उठून तिसऱ्या दिवशी गाई पिळायच्या. हिच्या अंगात हाडं आहेत की लोणी?" सिगर्ड तेवढ्यापुरता "आई, पुरे" म्हणायचा. त्याहून जास्त काही नाही.

आपण आळशी नाही हे दाखवायला थोरा थकव्यावर थकवा ओढून घ्यायची. लोणी घुसळायची, चीज दाबायची, सगळ्या घराची फरशी घासायची, आणि मग दोन दिवस उठता येत नसे. संधिवात असेल म्हणून एका शेजारणीने समुद्री शेवाळ उकळून त्या कढत पाण्यात बसायला सांगितलं. थोरा मनोभावे बसायची. प्रत्येक वेळी पायांतलं होतं नव्हतं ते बळ जायचं. तिला वाटायचं, आजार बाहेर पडतोय. एकदा तर तिला टबातून उठताच येईना. हाका मारून घसा बसला तेव्हा सिगर्ड आला. त्याने तिला उचललं, पुसलं, आणि त्याच पंच्यात तोंड घालून ढसाढसा रडला. थोराला वाटलं, कंटाळला हा मला.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. बेटावर आपोआप चालणारं टेलिफोन केंद्र आलं आणि तिचा बोर्ड कुणीतरी ट्रकवर घालून नेला. डोळ्याचा त्रास पुन्हा सुरू झाला म्हणून ती बोटीने मोठ्या बेटावरच्या कर्कवॉल गावी गेली. तिथे दक्षिणेकडून डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. तरणाबांड, घाईतला माणूस. डोळ्यात उजेड मारता मारता म्हणाला, "मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये डोळ्याच्या नसेला असं होतंच. घाबरू नका."

"कशामध्ये?"

त्याने उजेड बंद केला. आधी समोरच्या कागदांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्हाला सांगितलेलं नाही?"

परतीच्या बोटीवर समुद्र खवळलेला होता. लोक ओकत होते. थोरा कठड्याला धरून उभी होती आणि तिला, खरं सांगायचं तर, हलकं वाटत होतं. आजाराला नाव आहे. म्हणजे मी वेडी नाही, दारुडी नाही, आळशी नाही. बेट दिसू लागलं तसतसं ते हलकेपण ओसरलं आणि बोर्डावरचा तो जळत राहिलेला दिवा तिला आठवला.

घरी आल्यावर तिने कोटही काढला नाही.

"नाव काय त्याचं, सिगर्ड?"

"कशाचं?"

"माझ्या आजाराचं. तुला पाठ असेल."

तो बुटांसकट खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणाला, उपाय नाही, मग सांगून काय करणार? काळजीने आणखी बळावेल म्हणाला. बायकोला जपायचं असेल तर तोंड बंद ठेव म्हणाला."

"आख्खं बेट मला दारुडी म्हणत होतं. तू ऐकत होतास."

"हो."

"तुझी आई मला हाडं मोजून दाखवत होती. तू ऐकत होतास."

"हो, थोरा."

"आणि मूल?"

सिगर्डने हातांकडे पाहिलं. दोराने कापलेले, मिठाने भेगाळलेले हात. "मूल झालं तर तू कायमची अंथरुणाला खिळशील म्हणाला. मला तू हवी होतीस."

"मग मला विचारायचंस! मला काय हवं होतं ते मला विचारायचंस!"

थोरा तेव्हा चाळिशी ओलांडून गेली होती. त्यानंतर कितीतरी दिवस दोघं एका टेबलावर बसून बटाटे आणि सलगमाचा लगदा खात होते आणि चमच्यांशिवाय कशाचाच आवाज नव्हता.

मग तिने शोध सुरू केला. कर्कवॉलच्या वाचनालयातल्या जाडजूड वैद्यकीय पुस्तकात तिला दीड पान सापडलं. ते इतकं भयंकर होतं की तिने पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. पाद्र्याच्या बायकोने एका मासिकातला आहाराचा लेख दिला. डॉक्टर पेट्री म्हणाले, "जास्त वाचू नका." शेवटी दक्षिणेत अशा रुग्णांनी काढलेल्या एका मंडळाकडून पत्रकं येऊ लागली. त्यांत साध्या, रोजच्या गोष्टी होत्या. कढत पाण्याने या आजारात पायांतलं बळ जातं. थकवा म्हणजे आळस नव्हे, दुपारी पडावंच. थोराने टब गोठ्यात नेऊन वासरांना पाणी पाजायला ठेवला. तिला हे सगळं पटकन समजलं, कारण वायरी तिच्या ओळखीच्या होत्या: नस असो की वायर, वरचं आवरण कुरतडलं गेलं की निरोप मध्येच गळतो, कधी पोचतो, कधी नाही.

पुढे एका नव्या पत्रकात असंही आलं की बाळंतपणाने हा आजार कायमचा बळावतो असं आता डॉक्टर मानत नाहीत. ते वाचून ती बराच वेळ चुलीपाशी उभी राहिली आणि मग पत्रक आत सारून झाकण लावलं. ही एक गोष्ट तिने सिगर्डला कधीच सांगितली नाही.

हा आजार या बेटांवर जितका आहे तितका जगात क्वचितच कुठे असेल. का, ते अजून कुणाला धड सांगता येत नाही. प्रत्येकाच्या नात्यात कुणीतरी आहेच. त्यामुळे थोराला माहिती आहे हे कळायला वेळ लागला नाही, आणि तिच्या घरचा फोन वाजू लागला. आजूबाजूच्या बेटांवरून लोक विचारायचे: लघवीचं काय करू? नवऱ्याला कसं सांगू? गाडी चालवू का? ज्यांनी एकेकाळी तिला दारुडी म्हटलं होतं त्यांच्याही घरून फोन आले. तिने मनाशी गाठ बांधली होती, कुणालाही अंधारात ठेवायचं नाही. जे आहे ते सगळं, एका दमात. तिला वाटे, सत्य हे दुधासारखं आहे, झाकून ठेवलं की नासतं.

अशात एका वसंतात मेरन ड्रीव्हरचा फोन आला. मेरन खेकड्यांच्या कारखान्यात कामाला होती. गालांवर लाली असलेली, हसरी, सगळ्यांच्या लग्नात शेवटपर्यंत नाचणारी. आल्फी हारकसशी तिचं लग्न ठरलं होतं.

"थोरा मावशी, डॉक्टरांनी मला परवा सांगितलं. मला पण तेच आहे. थोडं विचारायचं होतं."

"फोनवर नको. घरी ये."

ती आली. थोराने चहा ओतला, जवाची बॅनक भाकरी चिरून तिला चीज लावून दिली. सिगर्ड कोपऱ्यात दोर वळत बसला होता.

"मला एवढंच विचारायचंय," मेरन म्हणाली आणि उजवा हात पुढे केला. "या हाताला सारख्या मुंग्या येतात. त्या जातात ना? जूनमध्ये लग्न आहे. अंगठी घालताना हात थरथरला तर लोक म्हणतील, नवरी घाबरलीय." आणि ती हसली.

थोराने मुंग्यांपासून सुरुवात केली, पण ती तिथे थांबली नाही. डोळे, पाय, मूत्राशय. कुबड्या कधी लागू शकतात, चाकांची खुर्ची कधी. कुणाचा आजार झपाट्याने वाढतो, शेजारच्या बेटावर कोण तीन वर्षांत अंथरुणाला खिळलं. शरीरसुख. मूल. नवऱ्यांपैकी किती टिकतात, किती निघून जातात. तिचा आवाज मायाळू होता. खरं तर तिला वाटत होतं, ती या पोरीच्या हातात दिवा देतेय, जो तिला स्वतःला कुणी दिला नव्हता.

मध्येच सिगर्ड खाकरला. "थोरा, तिचा चहा निवतोय."

"तू गप्प बस. तुझं गप्प बसणं पुरतं पाहिलंय मी."

सिगर्डने दोर खाली ठेवला आणि बाहेर निघून गेला. थोराने पत्रकांचा गठ्ठा मेरनच्या हातात दिला. "सगळं वाच. आल्फीलाही वाचायला दे. काही लपवू नकोस." मेरनने मान हलवली, आभार मानले. भाकरीचा एकच घास तोडलेला होता.

दोन आठवड्यांनी कळलं, लग्न मोडलं. मेरननेच मोडलं. कारण विचारलं तर कुणाला काही बोलली नाही. उन्हाळा लागायच्या आत ती एडिंबराला निघून गेली. आल्फी एक वर्ष बोटीवर कुणाशी बोलत नव्हता. मेरनची आई दुकानात थोरा दिसली की डब्यांवरच्या किमती वाचत उभी राहायची.

"मी खोटं काय सांगितलं?" एका संध्याकाळी थोरा सिगर्डला म्हणाली. "एक शब्द तरी खोटा होता का?"

"नाही."

"मग?"

"काही नाही." तो दोराची गाठ घट्ट करू लागला. "तिच्या हाताला मुंग्या येत होत्या, एवढंच."

थोराला इतका राग आला की ती उठून गोठ्यात निघून गेली. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. त्याच्या पुढल्या वर्षी सिगर्ड बोट ओढता ओढता छातीत कळ येऊन वाळूवर बसला, तो उठलाच नाही. आपलं त्याला काही विचारायचं राहून गेलं असं तिला वाटत राहिलं. आपण त्याला दहा वर्षांच्या मौनाबद्दल पुरेपूर ऐकवलं होतं. पण ती दहा वर्षं त्याने एकट्याने कशी काढली, हे एकदाही विचारलं नव्हतं. पिंजरे ओढताना, जेवताना, आईची बोलणी ऐकताना, ते नाव पोटात घेऊन. आता विचारायला कोणी नव्हतं.

त्यानंतर ती फोनवर बदलली. आधी ऐकायची. "तुला आज काय जाणून घ्यायचंय?" असं विचारायची आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायची, आयुष्यभर बडबडलेल्या बाईला ते सोपं नव्हतं. कुणी म्हणे, "सगळं सांग, आत्ताच. मला गुरं ठेवायची की विकायची ते ठरवायचंय." त्याला ती सगळं सांगे. एक बाई मात्र वर्षभर नुसती चहाला येत राहिली, आजाराचं नावही न काढता, आणि एके दिवशी कोट चढवता चढवता दारात म्हणाली, "हातात काठी घ्यायची म्हणजे हरले असं होतं का गं?" थोरा म्हणाली, "मला विचारशील तर नाही. बस परत."

मेरन परत आली ती तिच्या आईला पुरायला. मध्ये चौदा-पंधरा वर्षं गेली होती. थोरा आता चाकांच्या खुर्चीत होती. दफन झाल्यावर सभागृहात चहा होता; लोक सँडविचच्या ताटांभोवती गोळा झाले होते. मेरन टेबलांमधून चालत तिच्याकडे आली. चालत. डावा पाय किंचित ओढत होती, पण हातात काठीसुद्धा नव्हती. शेजारी खुर्ची ओढून बसली.

"कशी आहेस?" थोराने विचारलं. दुसरं काही सुचेना.

"बरी आहे. शिवणकामाच्या दुकानात आहे. थकते लवकर. मध्ये एकदा डोळा गेला होता, आला परत." मग म्हणाली, "लग्न नाही केलं."

"त्या मुंग्या?"

"महिन्याभरात गेल्या. जून उजाडायच्या आधीच."

थोराने कप खाली ठेवला.

"मी आल्फीला कारणच सांगितलं नाही, मावशी," मेरन म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात, लपवू नको. पण ती पत्रकं मी एका रात्रीत वाचली आणि मला वाटलं, हे सगळं त्याच्या गळ्यात कशाला? त्याला काय झेपेल ते मीच ठरवून टाकलं. तो दाराशी येऊन विचारत होता, आणि मी म्हटलं, मला तू आवडत नाहीस."

मागच्या खोलीत जाऊन झोपणारा सिगर्ड थोराच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तिचा हात मेरनच्या हाताकडे गेला, पण तिथवर पोचेना. त्या दिवसांत हात तिचं ऐकत नसे.

"माझं चुकलं, मेरन. तू एकच गोष्ट विचारली होतीस."

"हो," मेरन म्हणाली. तिने ते सौम्यपणे म्हटलं, पण 'नाही हो, तसं काही नाही' असं म्हणाली नाही. "मी तेवीस वर्षांची होते. मला फक्त जूनपुरतं हवं होतं. बाकीचं मी मागून विचारलं असतं. तुमच्याकडेच आले असते विचारायला."

सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला आल्फी हारकस कपबश्या गोळा करत होता. केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं. त्याची बायको त्याला काहीतरी सांगत होती आणि तो मान हलवत होता. एकदा त्याने इकडे पाहिलं. मेरनने हात वर केला. त्यानेही केला, हातात बशी असलेलाच, आणि स्वयंपाकघरात गेला.

"सांगणार आहेस त्याला?" थोराने विचारलं.

"आता काय सांगायचं? चार मुलं आहेत त्याला." मेरन उठली, कोटाची बटणं लावू लागली. एक बटण लागायला जरा वेळ लागला. थोराने पाहिलं आणि मदत करू का असं विचारलं नाही.

मेरन दुसऱ्या दिवशीच्या बोटीने परत गेली. पुढे ती कधीमधी रविवारी फोन करायची. हवा कशी आहे, बटाटे निघाले का, सील पुन्हा खाडीत आलेत का, असलं काहीबाही बोलायची. आजाराचा विषय मेरनने काढला नाही, थोरानेही काढला नाही.